स्कोपच्या डब्यावरचे आकडे वाचायचे कसे, आणि त्यातला आपल्या कामाचा कुठला

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, ६-२४×५० स्कोप ऑफरमध्ये मिळतोय, घेऊन टाकू का? चोवीसपट दिसतं म्हणे!" पोरगा नाशिकच्या अंबडला कंपनीत लागलाय, पहिल्या चार पगारांतून साठवून .१७७ ची एअरगन घेतली (.१७७ म्हणजे नळीच्या भोकाचं इंचातलं माप) आणि आता तिच्यावर स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, हवाय. मी त्याला एकच विचारलं की तू मारणार किती अंतरावर? तर म्हणे पंचवीस मीटर, जास्तीत जास्त चाळीस. मी म्हटलं थांब, रविवारी घरी ये, मिसळ खाऊ आणि मग बोलू. त्या दिवशी दोन तास जे बोलणं झालं तेच इथे लिहितोय, कारण स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतल्यापासून मला हा प्रश्न खूप जणांनी विचारलाय. विचारणाऱ्यांत पोरांचे आईवडील पण आहेत, आणि डब्यावरचे आकडे बघून सगळेच गोंधळलेले असतात.

आधी एक गैरसमज: ऑलिम्पिकच्या रायफलीवर स्कोप नसतो

टीव्हीवर कुसाळेच्या रायफलीवर डोळ्यासमोर जी काळी गोल चकती दिसते ती दुर्बीण नाही. तिला पीप साइट म्हणतात. मागे बारीक छिद्र, पुढे एक रिंग, आणि त्या रिंगच्या मधोमध टार्गेटचा काळा गोल बसवायचा, एवढंच. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत वस्तू मोठी करून दाखवणारी दुर्बीण लावायला मनाई आहे. अंजली भागवत, अभिनव बिंद्रा, सगळे याच छिद्रातून बघत आले. १० मीटर एअर रायफलचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो ही मंडळी विना-दुर्बीण मारतात, हे आधी डोक्यात ठेवा. त्यामुळे पोराला ऑलिम्पिकच्या वाटेवर टाकायचं असेल तर स्कोपवर एक रुपया खर्च करू नका, कोचकडे जा आणि तो सांगेल ती पीप साइट घ्या.

मग स्कोप लागतो कुणाला?

हौशी लोकांना. एअरगनवर कागदाचे टार्गेट किंवा पडणारे लोखंडी टार्गेट मारणाऱ्यांना, .२२ च्या रायफलीचं लायसन घेऊन क्लबच्या रेंजवर ५० आणि १०० मीटर मारणाऱ्यांना, टेबलावर रायफल टेकवून एकाच भोकात पाच गोळ्या घालायचा नाद असणाऱ्यांना. बाहेरच्या देशांत फील्ड टार्गेट नावाचा एअरगनचा खेळ आहे, त्यात साधारण ९ ते ५० मीटरवरचे धातूचे टार्गेट पाडायचे असतात आणि तिथे स्कोप हेच मुख्य हत्यार.

शिकारीचा विषय मात्र आपल्याकडे संपलेला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती, यानंतर हौस म्हणून शिकार हा प्रकार भारतात उरलेला नाही. द्राक्षबागेत पाखरं येतात म्हणून एअरगन घेतो असं निफाड साइडचे काही जण मला सांगतात, त्यांना मी हात जोडून सांगतो की जाळी लावा, पाखरू मारू नका. लायसनचं म्हणाल तर .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या एअरगनला लायसन लागत नाही, त्यावर गेलं की लागतं. आणि लायसन लागत नाही म्हणजे गच्चीवर उभं राहून मारायचं असं नाही. मागे भक्कम भिंत किंवा मातीचा ढिगारा नसेल तर मारूच नका.

३-९×४० म्हणजे काय

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात थंडीत चक्रवाक, फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना हे आकडे ओळखीचे आहेत. त्यांच्या दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि पुढची लेन्स ४२ मिलिमीटरची. स्कोपचं तेच. ३-९×४० म्हणजे तीनपटीपासून नऊपटीपर्यंत झूम फिरवता येतो आणि पुढची लेन्स ४० मिमी. ४-१२×४० म्हणजे चार ते बारा. ६-२४×५० म्हणजे सहा ते चोवीस, लेन्स पन्नासची. नऊपट म्हणजे ९० मीटरवरचा कागद १० मीटरवर ठेवल्यासारखा दिसतो, इतकं साधं आहे ते.

आत डोळ्याला अधिकच्या चिन्हासारखी (+) जी खूण दिसते ती रेटिकल. बरेच जण तिला नुसतं क्रॉस म्हणतात, मी पण पुढे तेच म्हणणार आहे.

दुर्बिणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो, रायफलीवर बसवलेल्या स्कोपमधून पक्षी, माणसं, समोरची बिल्डिंग असं काहीही बघत बसायचं नाही. स्कोप जिकडे बघतो तिकडे नळी रोखलेली असते. बघायची हौस असेल तर वेगळी दुर्बीण घ्या.

"झूम जास्त घेऊन ठेवू की, नंतर कमी करता येतोच!"

भाच्याचा पहिला आक्षेप हाच होता, आणि वरवर बरोबर वाटतो. शूज एक नंबर मोठे घेतले तर पोराला पुढच्या वर्षी पण होतात, तसं. पण इथे तसं होत नाही.

एक तर ६-२४ चा खालचा आकडा सहा आहे, त्याच्या खाली तुम्ही जाऊच शकत नाही. पंधरा मीटरवर तीनपटीला जे पटकन सापडतं ते सहापटीला शोधत बसावं लागतं. पंचवीस मीटर म्हणजे क्रिकेटच्या पीचपेक्षा थोडं जास्त, पीच २०.१२ मीटरचं असतं. तेवढ्या अंतरावर तीनपटीला तुम्हाला अख्खा दरवाजा चौकटीसकट दिसेल आणि चोवीसपटीला जेवणाच्या ताटाएवढाच तुकडा. त्या ताटात टार्गेट आणायला मान आणि खांदा किती वेळा हलवावा लागतो ते करून बघा म्हणजे कळेल.

दुसरं, हात हलतो. सगळ्यांचाच हलतो, अगदी मेडल घेणाऱ्यांचा पण. स्कोप ती थरथर वाढवत नाही, फक्त मोठी करून दाखवतो. पण ती मोठी दिसायला लागली की माणूस घाबरतो, क्रॉस मध्यावरून जाताना "आला आला, मार" असं करून ट्रिगर झटक्यात ओढतो आणि पेलेट, म्हणजे एअरगनची छोटी गोळी, दोन सेंटीमीटर बाजूला. आपल्या नाशिकचे भीष्मराज बाम सर, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले क्रीडा मानसशास्त्रज्ञ, २०१७ साली गेले. त्यांनी एवढं काम केलं ते नेमबाजाच्या याच, डोक्याच्या भागावर, कारण नेम डोळ्यापेक्षा डोक्यात जास्त बिघडतो. मी स्वतः पंचवीस मीटरला सात-आठपटीवर जेवढा छोटा ग्रुप मारतो तेवढा सोळापटीवर मारत नाही. ग्रुप म्हणजे एकाच ठिकाणी नेम धरून मारलेल्या पाच शॉट्सची भोकं किती जवळ जवळ पडली ते.

तिसरं कारण मे महिन्यात कळतं. दुपारी रेंजवर जमीन तापते, हवा लहरायला लागते, डांबरी रस्त्यावर लांब पाण्यासारखं दिसतं ना, तेच. १०० मीटरला जास्त झूमवर टार्गेट नुसतं पाण्यात तरंगल्यासारखं दिसतं. मग चोवीसपटवाला पण झूम दहावर आणतो आणि मारतो. म्हणजे पैसे चोवीसचे दिले आणि वापरला दहा.

आणि पैशांचा हिशोब तर सगळ्यात महत्त्वाचा. एकाच किमतीत ३-९ आणि ६-२४ मिळत असतील तर ६-२४ मध्ये जास्त भिंगं, जास्त फिरते भाग बसवलेत आणि तरी किंमत तेवढीच ठेवलीये. काहीतरी कापलेलंच असणार, आणि ते बहुतेक काचेत आणि आतल्या स्प्रिंगमध्ये कापतात, जिथे आपल्याला डबा उघडून दिसत नाही.

मोठी लेन्स म्हणजे जास्त उजेड?

अर्धं खरं. लेन्सचा आकडा भागिले झूम केलं की स्कोपमधून डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या खांबाची जाडी मिळते. ४० ला ९ ने भागा, साधारण ४.४ मिमी. ५० ला २४ ने भागा, जेमतेम २.१. आता आपल्या डोळ्याची बाहुली दिवसाउजेडी दोन ते चार मिमी उघडी असते, पूर्ण अंधारात तरुण माणसाची सातपर्यंत जाते आणि पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. म्हणजे चोवीसपटीला पन्नासची लेन्स असून पण संध्याकाळी चित्र काळवंडणार, आणि डोळा जरा इकडेतिकडे झाला की एका बाजूने काळी सावली येणार. नऊपटीला चाळीसची लेन्स मात्र दिवसा बाहुलीला पुरून उरते. हंड्याने ओतलं तरी तांब्यात तांब्याएवढंच मावतं.

मोठ्या लेन्सचं अजून एक, स्कोप उंच बसवावा लागतो, मग गाल स्टॉकवर, म्हणजे रायफलीच्या दस्त्यावर, नीट टेकत नाही, मान अधांतरी राहते. गाल दरवेळी एकाच जागी टेकला नाही तर बाकी सगळं वाया.

उजेडाचा खरा खेळ काचेवरच्या थरात आहे, त्याला कोटिंग म्हणतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तर शंभरातला जेमतेम ६६ टक्के आत पोचतो, बाकी आतल्या आत भटकतो आणि चित्र धुरकट करतो. चांगलं कोटिंग असेल तर तोच आकडा ९५ च्या आसपास जातो. म्हणून डब्यावर "फुली मल्टिकोटेड" असं लिहिलंय का बघा, नुसतं "कोटेड" म्हणजे एखाद्याच काचेवर एखादाच थर असू शकतो. स्कोपची नळी ३० मिमीची असली की उजेड जास्त येतो असं दुकानात सांगतात ते चूक आहे. जाड नळीने क्रॉस वरखाली सरकवायला जागा जास्त मिळते आणि नळी मजबूत होते. आपल्या अंतराला एक इंची नळी भरपूर.

पॅरलॅक्स, ज्याबद्दल विकताना कुणी बोलत नाही

हा भाग नीट वाचा, एअरगनवाल्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

खिडकीत उभं राहा, एक डोळा मिटा आणि खिडकीचा गज लांबच्या पांडवलेणीच्या डोंगरावरच्या एखाद्या झाडावर धरा. आता डोकं जरा डावीकडे न्या. गज झाडावरून सरकला. ना गज हलला ना झाड, फक्त तुमचा डोळा हलला. कारण दोघं वेगवेगळ्या अंतरावर आहेत. पण झाडाचा फोटो काढून तो गजाला चिकटवला असता तर डोकं कितीही हलवा, काही सरकलं नसतं. यालाच पॅरलॅक्स म्हणतात.

स्कोपच्या आत टार्गेटचं चित्र तयार होतं आणि क्रॉस पण असतो. दोन्ही एकाच पातळीवर बसले तर डोळा हलला तरी नेम हलत नाही. पण ते एका ठरावीक अंतरालाच नेमके बसतात. मोठ्या रायफलींच्या साध्या स्कोपमध्ये कंपनी ते अंतर १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, असं फिक्स करून पाठवते. .२२ साठी बनवलेल्यात बहुतेक ५० यार्ड असतं. आता १०० यार्डवाला ४० मिमी लेन्सचा स्कोप एअरगनवर लावून २५ मीटरवर मारलं तर डोळा कडेला गेल्यावर जास्तीत जास्त चूक किती येईल? गणित केलं तर जवळपास दीड सेंटीमीटर. पंचवीस मीटरला दीड सेंटीमीटर म्हणजे बाटलीचं बूच पूर्ण हुकलं. आणि तुम्ही पेलेटला, हवेला, स्वतःला दोष देत बसता.

उपाय सोपा आहे. पॅरलॅक्स अॅडजस्ट होणारा स्कोप घ्या. पुढच्या लेन्सभोवती फिरणारी रिंग असते, तिच्यावर १०, १५, २५, ५० असे अंतराचे आकडे, किंवा डाव्या बाजूला फिरवायचं बटण असतं. पुढच्या रिंगवाल्याला एओ म्हणतात, बाजूच्याला साइड फोकस. कामाला दोन्ही सारखेच, एओ स्वस्त पडतो. फक्त सगळ्यात कमी आकडा किती आहे ते बघून घ्या. दहा यार्डपासून सुरू होत असेल तर एअरगनला योग्य, पन्नासपासून सुरू होत असेल तर नको. आणि आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका. रायफल टेकवून ठेवा, हात न लावता डोकं वरखाली करा, क्रॉस टार्गेटवरून सरकतोय का बघा, आणि सरकणं थांबेपर्यंत रिंग फिरवा.

क्लिक, एमओए आणि देवळालीचा मिल

स्कोपच्या वर आणि उजवीकडे दोन टोप्या असतात, त्याखाली फिरवायचे टरेट. एक क्लिक म्हणजे नेम किती सरकतो ते त्यावर लिहिलेलं असतं. बहुतेकांवर "१/४ एमओए" असतं. एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरला तो २.९ सेंटीमीटर होतो, म्हणून पाव एमओएची एक क्लिक तिथे साधारण ७ मिमी सरकवते, आणि पंचवीस मीटरला त्याचा चौथा भाग, १.८ मिमी. पेलेट ४ सेंटीमीटर खाली लागतंय? ४० ला १.८ ने भागा, बावीस क्लिक वर. झालं.

दुसरं माप मिल. देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, तिथल्या कुणा फौजी काकांशी ओळख असेल तर त्यांना विचारा, ते मिलमध्येच विचार करतात. हजार मीटरला एक मीटर म्हणजे एक मिल, त्यामुळे १०० मीटरला १० सेंमी आणि ०.१ मिलची एक क्लिक म्हणजे १ सेंमी. आपल्या दशमान डोक्याला हे सोपं पडतं. दोन्हीतलं कुठलंही घ्या, फक्त क्रॉसवरच्या खुणा आणि टरेटची क्लिक एकाच मापात असू द्या. खुणा मिलच्या आणि क्लिक एमओएच्या असे स्कोप सर्रास मिळतात, आणि मग उगाच रेंजवर मोबाईल काढून गुणाकार करत बसावं लागतं.

खुणा लागतात कशाला, तर गोळी सरळ जात नाही, पडत जाते. .२२ ची साधी गोळी ५० मीटरला बरोबर मध्यावर बसवली तर १०० मीटरला ती साधारण २० सेंमी खाली लागते. तेव्हा एकतर क्लिक फिरवा किंवा क्रॉसच्या खालच्या खुणेवर टार्गेट धरा. एअरगनचं पेलेट तर त्याहून लवकर पडतं, म्हणून नुसत्या दोन रेषांच्या क्रॉसपेक्षा खाली चार-पाच ठिपके असलेला घेतलेला बरा. फार जाळीदार, झाडाच्या फांद्यांसारखा नको, टार्गेटच झाकतो.

झूम केल्यावर खुणा मोठ्या होतात का?

डब्यावर एफएफपी किंवा एसएफपी लिहिलेलं असतं, त्याचं हे उत्तर. मोबाईलवर फोटो उघडा. फोटोवरच पेनाने रेघ मारलेली असेल तर झूम केल्यावर रेघ पण मोठी होते, हे एफएफपी. स्क्रीनवर धुळीचा कण असेल तर फोटो कितीही मोठा करा, कण तेवढाच राहतो, हे एसएफपी. एफएफपीमध्ये खुणांचं माप कुठल्याही झूमवर बरोबर येतं, पण तीन-चारपटीला क्रॉस केसासारखा बारीक होऊन दिसेनासा होतो. एसएफपीमध्ये क्रॉस कायम नीट दिसतो पण खुणा एकाच झूमवर बरोबर असतात, बहुतेक सगळ्यात वरच्या. ३-९ किंवा ४-१२ मध्ये एसएफपी घ्या, स्वस्त पडतो आणि एकाच झूमवर मारायची सवय लागली की काही अडत नाही. लाल-हिरव्या दिव्याचा क्रॉस दिवसा रेंजवर कामाचा नाही, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

एअरगनचा धक्का कमी, मग कुठलाही स्कोप चालेल ना?

नाही. आणि हे मी पैसे घालवून शिकलोय.

स्प्रिंगच्या एअरगनमध्ये ट्रिगर ओढला की जड पिस्टन पुढे धावतो, त्याने गन आधी मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन धडकला की गन पुढे झटका खाते. म्हणजे दोन उलटसुलट धक्के, तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. साधे स्कोप एकाच दिशेच्या, मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात. पुढच्या झटक्याने त्यांची आतली भिंगं सैल होतात. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप स्प्रिंगच्या एअरगनवर महिन्याभरात मेलेला मी बघितलाय.

माझा पहिला स्कोप असाच होता. दुकानात "सगळ्याला चालतो" म्हणून दिलेला. पहिला आठवडा मस्त, मग ग्रुप हळूहळू फुटायला लागला, रुपयाच्या नाण्याएवढा होता तो वाटीएवढा झाला. मी तीन प्रकारची पेलेट आणून बघितली, बॅरल साफ केलं, श्वासावर काम केलं, पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास नुसती ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न भरता नेमाचा सराव, केली. शेवटी क्लबमधल्या एका सिनिअर काकांनी त्यांचा स्कोप काढून माझ्या गनवर चढवला आणि दहा शॉटमध्ये ग्रुप परत नाण्याएवढा. दीड महिना मी स्वतःवर शंका घेत होतो, ते फार वाईट वाटलं. तेव्हापासून कुणी नवीन मुलगा "माझा नेमच बिघडलाय" म्हणाला की मी आधी त्याचा स्कोप हलवून बघतो.

म्हणून स्प्रिंग किंवा गॅस-पिस्टनची गन असेल तर "एअरगन रेटेड" असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. हवा आधीच भरून ठेवायची ती पीसीपी गन असेल तर धक्का जवळजवळ नसतो, तिथे ही काळजी नाही.

माउंट: सगळ्यात स्वस्त पार्ट, सगळ्यात जास्त त्रास

स्कोप पकडणाऱ्या रिंगा म्हणजे माउंट. लोक स्कोपवर महिन्याचा पगार घालतात आणि माउंट फुकट मिळालेली लावतात. आधी रायफलीवरची खाच कुठली ते बघा. एअरगन आणि .२२ वर बहुतेक ११ मिमीची डोव्हटेल असते, मोठ्या रायफलींवर रुंद, आडव्या खाचांची पिकॅटिनी. एकाची रिंग दुसऱ्यावर बसत नाही. स्प्रिंग गनवर धक्क्याने माउंट हळूहळू मागे सरकतो, त्यासाठी खाली स्टॉप पिन असलेला घ्या, आणि दोन सुट्या रिंगांपेक्षा एकसंध माउंट चांगला.

बॅरल खाली वाकवून लोड करायच्या गनचं बॅरल बऱ्याचदा किंचित खाली झुकलेलं असतं, त्यामुळे टरेट पूर्ण वर फिरवूनही पेलेट खालीच लागतं. अशा वेळी टरेटशी मारामारी करू नका, मागून जरा उंच असलेला माउंट त्यासाठीच मिळतो. स्क्रू आवळताना एकदम एकच पूर्ण आवळू नका, गाडीचं चाक बसवताना आवळतात तसे समोरासमोरचे थोडे थोडे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, टॉर्कचं, म्हणजे आवळायच्या जोराचं, महत्त्व त्यांना माहीत आहे. रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण दोन न्यूटन मीटर पुरे, त्यापेक्षा जास्त जोर लावला की स्कोपची नळीच दबते.

चष्मा असेल तर

चालतं. मागच्या टोकाची रिंग फिरवून क्रॉस आपल्या डोळ्याला स्वच्छ करून घ्यायचा असतो. पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे बघून करा, सूर्याकडे चुकूनही नको, डोळा जाईल. टक लावून बघू नका, डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो, दोन सेकंद बघा, नजर काढा, परत बघा. डोळा आणि स्कोप यात किती अंतर ठेवलं की पूर्ण गोल दिसतो ते पण तपासा, आठ-नऊ सेंमी असलं की चष्म्याला धोका नाही.

मग घ्यायचा कुठला

माझं मत सरळ आहे. स्प्रिंग एअरगन, १० ते ४० मीटर: ३-९×४० किंवा ४-१२×४०, एओवाला, एअरगन रेटेड. .२२, ५० आणि १०० मीटर: ४-१२×४० किंवा फार तर ४-१६×४४, साइड फोकस. एकच स्कोप दोन्ही गनवर आलटूनपालटून वापरायचा असेल तर एअरगन रेटेड ४-१२×४० एओ, कारण तो चारपटीला पंधरा मीटरवर पण कामाचा आणि बारापटीला १०० मीटरवर कागदावरची भोकं पण दिसतात. मधल्या अंतराचा, म्हणजे मिड-रेंज, म्हणतात तो हाच. फक्त टेबलावर टेकवून १०० मीटरला भोकात भोक मारणाऱ्यानेच चोवीसपट घ्यावा, आणि मग त्याने पैसे पण तसेच घालावेत.

बजेट कमी असेल तर झूम कमी करा, काच कमी करू नका. शक्य असेल तर संध्याकाळी पाच-सहाला दुकानाच्या दारात उभं राहून त्यातून लांबची पाटी वाचून बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप स्वच्छ दिसतात.

आणल्यानंतर

परत करायची मुदत संपायच्या आत चौकोन टेस्ट करा. मध्यावर तीन शॉट, मग वीस क्लिक उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, वीस वर, प्रत्येक ठिकाणी तीन शॉट, नेम कायम एकाच ठिपक्यावर. शेवटचे तीन पहिल्या भोकांवरच पडायला हवेत. नाही पडले तर आतली यंत्रणा सैल आहे, परत द्या, तडजोड नको.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर लेन्सला बुरशी लागते, त्र्यंबक-इगतपुरीकडे तर विचारूच नका. नायट्रोजन भरलेल्या स्कोपमध्ये आतून धुकं धरत नाही पण बाहेरच्या काचेला बुरशी लागतेच. फोमच्या बंद बॅगेत ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. काच पुसायला शर्टाचं टोक नको, आधी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्सचं कापड.

भाच्याने शेवटी ४-१२×४० एओ घेतला, उरलेल्या पैशांत चांगला एकसंध माउंट आणि दोन डबे पेलेट. परवा रविवारी पंचवीस मीटरला झिरो केला, म्हणजे जिथे क्रॉस तिथेच पेलेट लागेल असं जुळवलं, बावीस क्लिक वर आणि सहा डावीकडे. आता टोप्या लावून ठेवल्यात, आणि डायरीत तारीख, पेलेटचं नाव आणि झूमचा आकडा लिहून ठेवलाय.